भरतीची तयारी आणि माझ्या नडग्या

पोलिस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे कुठंही घोळक्यानं बसलेली दिसली, की त्यांतला एक तरी जण ट्रॅक पॅन्ट गुडघ्यापर्यंत सरकवून नडगी चोळत असतो. हे दुखणं इतकं अंगवळणी पडलंय, की ते घेऊन डॉक्टरकडे जायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. ‘शिन पेन आहे’ म्हणायचं, क्रेप बँडेज गुंडाळायचं आणि राउंडला उभं राहायचं. माझ्या पायांत ते दिवाळीच्या सुमारास शिरलं आणि पार उन्हाळा येईपर्यंत या ना त्या रूपात राहिलं. त्या काळात जे ऐकलं, जे करून पाहिलं आणि त्यातलं जे खरंच उपयोगी पडलं, ते सांगते.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठली, त्यामुळे आमच्याकडे पहाटे रस्त्यानं पळणाऱ्या पोरीला कुणी वेड्यात काढत नाही. पण पळणं माझ्यासाठी नवीनच होतं. बी.ए. होईपर्यंत माझा व्यायाम म्हणजे एस.टी. स्टँड ते कॉलेज चालणं आणि सुट्टीत रानातली कामं. २०२३ च्या दसऱ्यानंतर भरतीचं ठरलं आणि तालुक्याच्या गावी एका अकॅडमीत नाव घातलं.

ज्यांना भरतीचं गणित माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण ते कळल्याशिवाय पोरं दुखऱ्या पायानं का पळतात हे कळणार नाही. पोलिस शिपाई भरतीत ग्राउंडचे, म्हणजे मैदानी चाचणीचे, ५० गुण. मुलींना ८०० मीटरला २०, शंभर मीटरला १५ आणि चार किलोच्या गोळ्याला १५. मुलांना ८०० च्या जागी १६०० मीटर. ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत मारलं तर वीसपैकी वीस, म्हणजे आमच्या भाषेत ‘आउट ऑफ’. त्याच्या पुढच्या दहा सेकंदांत आलं तर दोन गुण गेले. ग्राउंडला निम्मे गुण पडले तरच पुढचा विचार, आणि त्यातूनही एका जागेमागं दहाच जण लेखीला जाणार. तिथं दोन गुणांमागं शेकडो पोरी उभ्या असतात. अशा वेळी ‘पंधरा दिवस विश्रांती घे’ हे वाक्य कुणालाही शिवीसारखंच लागतं.

अकॅडमीचं वेळापत्रक ठरलेलं होतं. सोमवारी लाँग रन, डांबरी रस्त्यानं दहा किलोमीटर. मंगळवारी रिपिटेशन, म्हणजे चारशे-चारशेचे राउंड जोरात मारायचे आणि मध्ये चालायचं. बुधवारी घाट. गुरुवारी पुन्हा रस्ता, शुक्रवारी स्पीड, शनिवारी टायमिंग. रोज संध्याकाळी गोळा, दोरीवरच्या उड्या आणि बेडूकउड्या. नवीन आलेली पोर आणि दोन वर्षं पळणारी पोर, दोघींना एकच वेळापत्रक. फरक एवढाच की नवीन पोर शेवटी पोचायची. पहिल्या आठवड्यात माझी छाती फुटायची वेळ आली. दुसऱ्यात जरा जमायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात मी सोमवारी न थांबता दहा किलोमीटर पुरं केलं, सरांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं, आणि त्याच दुपारी मेसच्या पायऱ्या उतरताना दोन्ही नडग्यांच्या आतल्या बाजूला काहीतरी ठसठसलं.

सुरुवातीचं दुखणं लबाड असतं. पळायला लागलं की पहिला अर्धा किलोमीटर दुखायचं, अंग गरम झालं की गायब व्हायचं, आणि आंघोळ करून बसलं की परत यायचं. त्यामुळे वाटायचं, पळणं हाच त्यावरचा उपाय आहे. पुढं ते मध्येच जायचं बंद झालं. मग पूर्ण राउंडभर राहायला लागलं. मग सकाळी अंथरुणातून उठल्यावरची पहिली पाच-सहा पावलं टाचा टेकवत, म्हातारीसारखी पडायला लागली. झाडायला उकिडवं बसलं की नडगी ताणायची. घोट्याच्या वर चार बोटांपासून पोटरीच्या मध्यापर्यंत, हाडाच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत नेला की डोळ्यांत पाणी यायचं, आणि तरी दिवसातून दहा वेळा तिथंच दाबून बघायची खोड लागली होती. दाबलं की कळायचं, अजून आहे.

सल्ल्यांना तोटा नव्हता. सीनियर पोरी म्हणाल्या, “शिन पेन आलं म्हणजे पाय तयार व्हायला लागला, आता पंधरा दिवसांत निघून जाईल.” सरांचं म्हणणं, सुरुवातीला सगळ्यांनाच होतं, बँडेज बांध आणि टाच कमी टेकव. रूममधल्या एकीनं स्प्रे दिला. तो मारला की थंड वाटायचं आणि दहा मिनिटांनी नुसता वास उरायचा. दिवाळीला घरी गेले तेव्हा आजीनं निर्गुडीचा पाला उकळून शेक दिला आणि तिळाच्या तेलानं पोटऱ्या चोळल्या. रात्री झोप छान लागायची, हे निर्गुडीचं श्रेय मी काढून घेणार नाही. शेजारच्या एका काकांनी डाग द्यायचं सुचवलं, त्यांच्या बैलाला बरं वाटलं होतं म्हणे. आईनं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

आणि एक सल्ला कुजबुजत मिळायचा: सुई. ग्राउंडच्या दिवशी सकाळी वेदनाशामक इंजेक्शन मारून घ्यायचं आणि पळायचं. आमच्या अकॅडमीतल्या एका जुन्या मुलानं आदल्या भरतीला तसं केलं होतं. १६०० मीटर पुरं केलं, गुणही बरे पडले, पण त्यानंतर दीड महिना तो कुबडी घेऊन फिरत होता. नडगीच्या हाडाला चीर गेली होती. पोरं ती गोष्ट सांगायची ती ‘काय जिद्द होती’ म्हणून. मला त्यात जिद्दीपेक्षा बधिरपणा जास्त दिसतो. पाय बधिर, त्यामुळे तो काय सांगतोय ते ऐकूच आलं नाही.

दिवाळीनंतर दुखणं इतकं वाढलं की लंगडत पळायला लागले. मग एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. गोळ्या दिल्या, कॅल्शियम दिलं आणि पंधरा दिवस पळू नको म्हणाले. मी तंतोतंत पाळलं. घरी बसले, अंकगणित आणि चालू घडामोडी केल्या, आठवड्याभरात दुखणं ओसरलं, पंधरा दिवसांनी दाबलं तरी काही नाही. खूश होऊन अकॅडमीत परत आले आणि सोमवारी सगळ्यांबरोबर दहा किलोमीटरला गेले. गुरुवारपर्यंत पाय पुन्हा जिथल्या तिथं.

या दुखण्यातलं सगळ्यात फसवं वळण हेच. विश्रांती घेतली की बरं वाटतं, म्हणजे विश्रांती हे औषध आहे असं वाटतं. पण पंधरा दिवस बसून हाड बळकट झालेलं नसतं, फक्त शांत झालेलं असतं. परत आल्यावर त्याच्यावर तोच बोजा टाकला की ते तेच उत्तर देणार. आमच्यातल्या कितीतरी पोरी याच फेऱ्यात वर्षभर फिरत होत्या: पळायचं, बसायचं, पळायचं, बसायचं. दोघी-तिघींनी तर ‘माझं हाडच कच्चं आहे’ असं ठरवून भरती सोडून दिली.

मामेभाऊ साताऱ्याला असतो. त्याच्या ओळखीनं जानेवारीत तिथल्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेले. मशीन लावतील, शेक देतील, असं वाटलं होतं. त्यांनी पहिल्यांदा एवढंच सांगितलं, “कुठं दुखतंय ते एका बोटानं दाखव.” मला दाखवता येईना. मी पूर्ण तळवा नडगीवरून फिरवला. “एका बोटानं दाखवता येत नाही, हे बरं झालं,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. दुखरी जागा हाडाच्या आतल्या कडेनं चार-पाच बोटं लांब पसरलेली असेल, तर ते बहुतेक आपलं नेहमीचं शिन पेन. वैद्यकीय भाषेत मेडियल टिबियल स्ट्रेस सिंड्रोम. पण नाण्याएवढ्या एकाच ठिकाणी बोट टेकवलं तरी कळ उठते, रात्री पडल्या जागी ठणकतं, एका पायावर उडी मारली की जीव जातो, असं असेल तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यायची आणि पळणं त्याच दिवशी थांबवायचं. तो तडा सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये बहुतेकदा दिसतच नाही, एम.आर.आय. करावा लागतो. म्हणजे ‘एक्स-रे नॉर्मल आहे, पळ बिनधास्त’ हे जे आमच्यात सर्रास चालतं, त्याला काही अर्थ नाही. तिसराही एक प्रकार असतो, पळायला लागल्यावर ठरावीक वेळानं पोटरी दगडासारखी टम्म होते, पायाला मुंग्या येतात आणि थांबलं की थोड्या वेळात सगळं जातं. ते प्रकरण स्नायूंच्या आतल्या दाबाचं, त्याची तपासणी वेगळी. माझं पहिल्या प्रकारात बसत होतं.

मग त्यांनी मला एका पायावर उभं करून भिंतीला बोटं टेकवून टाच वर-खाली करायला लावली. उजव्या पायानं जेमतेम पंधरा झाल्या, डाव्यानं त्याहून कमी, आणि पाय लटलटायला लागला. पळणाऱ्या माणसाच्या सलग पंचवीसच्या आसपास व्हायला हव्यात म्हणाल्या. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्या पोरीची पोटरी एवढी लेचीपेची निघावी याची मलाच लाज वाटली. पण त्यांना त्यात नवल वाटलं नाही. “पळून दम वाढतो. पोटरीची ताकद वेगळी कमवावी लागते. तुम्हाला ती कमवायला वेळच दिला नाही कुणी.”

हाडाचं त्यांनी जे सांगितलं ते मी आजही प्रत्येकीला सांगते. घराची जुनी भिंत दुरुस्त करायची तर आधी पोपडे खरवडून काढतात आणि मग नवा गिलावा करतात. नव्या भाराला तयार होताना हाडही तसंच करतं. आधी जुना थर काढून टाकतं, मग नवा भरतं. खरवडणं पटकन होतं, भरणं हळू. त्यामुळे व्यायाम सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास हाड पहिल्यापेक्षा बळकट नसतं, उलट थोडं नाजूक असतं. आणि नेमका त्याच वेळी दम आलेला असतो. दम लागत नाही म्हणून माणूस जास्त पळतो, मास्तर जास्त पळवतो. छाती तयार होते तीन आठवड्यांत, हाडाला लागतात तीन-चार महिने. माझ्या पहिल्या दहा किलोमीटरच्या कौतुकाच्या दिवशीच दुखणं का सुरू झालं, ते तेव्हा लख्ख कळलं.

पुढचे प्रश्न मला अपेक्षित नव्हते. काय खातेस, किती वाजता खातेस, पाळी नियमित येते का.

पाळी डिसेंबरपासून आली नव्हती. ते मी कुणाला सांगितलंही नव्हतं, आणि खरं तर सुटकाच वाटली होती. टायमिंगच्या दिवशी पाळी आली तर काय, ही धास्ती गेली होती. आमच्या रूममध्ये तिघींचं असंच होतं आणि आम्ही ते चांगल्या तयारीचं लक्षण मानत होतो. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, जेवढं खाल्लंय त्यापेक्षा खूप जास्त खर्च व्हायला लागला की शरीर काटकसर सुरू करतं, आणि पहिली कात्री तिथं लावतं. पाळी थांबली म्हणजे इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी, आणि ते कमी म्हणजे हाडाचा गिलावा आणखी हळू. अशा पोरींना हाडाला तडा जायचा धोका जास्त असतो. मुलांपेक्षा मुलींत शिन पेन जास्त दिसतं, त्याच्या अनेक कारणांतलं हे एक. त्यांनी मला स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही पाठवलं, दुसरं काही नाही ना हे बघायला. ड जीवनसत्त्व तपासलं, ते कमी निघालं. माणदेशच्या उन्हात राहणाऱ्या पोरीला ऊन कमी पडतं यावर घरात कुणाचा विश्वास बसेना, पण पळायचं अंधारात, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून, आणि दिवसभर अभ्यासिकेत बसायचं. ऊन लागणार कुठून?

खाण्याचं ऐकून तर आईच हबकली. मेसमध्ये पहाटे काही मिळायचं नाही. उपाशी पळायचं, साडेआठला पोहे, दुपारी दोन भाकऱ्या आणि पातळ आमटी, रात्री तेच. वजन कमी ठेवा, टायमिंग सुधारेल, असं सगळे सांगायचे, म्हणून मी एक भाकरी कमीच केली होती. मी अकॅडमीचं हॉस्टेल सोडून घरून ये-जा करायचं ठरवलं. पळायच्या आधी गूळ-शेंगदाण्याचा लाडू आणि केळं. पळून आल्यावर लगेच दोन अंडी आणि दूध. संध्याकाळी हुलग्याचं माडगं. हुलगा आमच्या रानातलाच, पण तो म्हाताऱ्या माणसांचं खाणं समजून मी लहानपणापासून नाक मुरडायचे. मार्चमध्ये पाळी परत आली.

पळण्याच्या जागी काय करायचं, यावर मॅडम सहज म्हणाल्या, “पोहता येत असेल तर पाण्यात पळण्यासारखा दुसरा व्यायाम नाही, पायावर भार शून्य.” मला हसूच आलं. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवलेली, आमच्या विहिरीचा तळ दिसत होता आणि पिण्याचं पाणी टँकरनं येत होतं. मग सायकल ठरली. भावाची जुनी सायकल काढली आणि त्यावरून तालुक्याला जायला लागले. चढाला उभं राहून पेडल मारायचं, दम अगदी रिपिटेशनसारखा लागायचा आणि नडगीला कळायचंही नाही. ज्या भीतीनं पोरी थांबत नाहीत, की पळणं सोडलं तर दम जाईल, ती भीती सायकलनं घालवली.

पोटरीचे व्यायाम घराच्या पायरीवर. पायरीच्या कडेला पुढची बोटं, टाच हवेत. दोन मोजेपर्यंत वर, तीन मोजेपर्यंत खाली. एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा थोडा वाकवून. वाकवून केल्यावर पोटरीच्या आतला सोलिअस नावाचा स्नायू कामाला लागतो, आणि पळताना शरीराचा कितीतरी पट भार तोच पेलतो. आधी दोन्ही पायांवर, मग एका, मग पाठीला दप्तर आणि दप्तरात वाळूची पिशवी. याशिवाय भिंतीला पाठ टेकवून चवडे वर उचलायचे, आणि कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा. कमरेच्या बाजूचे स्नायू ढिले असले की पळताना गुडघा आत पडतो आणि तळवाही आत कलंडतो. माझा तळवा आधीच थोडा सपाट. ओल्या पायानं फरशीवर उभं राहिले तर मधली कमान जवळजवळ उमटतच नव्हती. हे व्यायाम अतिशय कंटाळवाणे आहेत. पळण्यात जी धुंदी असते, ती पायरीवर टाचा उचलण्यात अजिबात नाही. माझी चुलतबहीण शेजारी बसून मोठ्यानं आकडे मोजायची, म्हणून निभावलं.

बर्फ मी लावला, किराणा दुकानाच्या फ्रीजमध्ये कागदी कपात पाणी गोठवून. दहा मिनिटं नडगीवर फिरवायचं. त्यानं ठणका कमी व्हायचा, दुखण्याचं कारण जात नव्हतं. स्प्रे, बँडेज, निर्गुडी सगळ्यांचं तेच. दिवस सुसह्य होतो, एवढंच.

फेब्रुवारीत पुन्हा पळायला सुरुवात केली ती एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं अशी. तेही एक दिवसाआड. नियम असा होता: पळताना दुखणं दहापैकी दोनपर्यंत असलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पावलाला कालच्यापेक्षा जास्त दुखता कामा नये. जास्त दुखलं तर पुढचा टप्पा नाही, मागचाच परत. नडगीनं सकाळी उठून निकाल द्यायचा आणि आपण तो मान्य करायचा. अंतर वाढवायच्या आठवड्यात वेग वाढवायचा नाही. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये असं सगळीकडे सांगतात. मॅडमच्या मते तो आकडा काही दगडावरची रेघ नाही, काहींना तेवढंही झेपत नाही. अकॅडमीतल्या पोरींनी या चालण्या-पळण्याची यथेच्छ थट्टा केली. “मॉर्निंग वॉकला आल्यात काकू” हे माझं नाव महिनाभर टिकलं.

डांबरी रस्ता सोडला. गावाबाहेरचा पाझर तलाव त्या वर्षी जवळजवळ कोरडा होता आणि त्याच्या कडेनं गाळाची घट्ट, सपाट माती उघडी पडलेली. फार भुसभुशीत नाही, फार कठीणही नाही. रेती मात्र टाळली, तिच्यात टाच खाली रुतते आणि पोटरीवर ताण येतो. पावलांचाही अभ्यास झाला. मी लांब ढांगा टाकून टाच पुढं आदळत होते, मिनिटाला दीडशेच्या आसपास पावलं. मोबाइलवर टिकटिक लावून ती हळूहळू १६० च्या पुढं नेली. पावलं वाढली की ढांग आपोआप आखूड होते, पाय शरीराच्या खाली पडतो आणि दणका कमी बसतो. ‘टाच कमी टेकव’ असं सर म्हणाले होते तेव्हा मी चवड्यावर पळायचा प्रयत्न केला होता आणि पोटऱ्या भरून आल्या होत्या. मुळात टाचेकडे बघायचंच नव्हतं.

बुटांबद्दल सगळे विचारतात. माझे पहिले बूट आठवडी बाजारातले, मोठ्या कंपनीच्या नावाची नक्कल असलेले, आणि दीड महिन्यात तळ दाबून चपटा झालेला. नवीन घेतले ते दोन हजारांच्या आतले साधे पळायचे बूट, दुकानात पळून बघून. फरक पडला, पण बुटांनीच शिन पेन गेलं असं कुणी सांगत असेल तर मला ते खरं वाटत नाही. स्पाइक, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, फक्त वेगाच्या दिवशी, तेही एप्रिलपासून.

नशिबानंही साथ दिली. मार्च २०२४ मध्ये फॉर्म सुटले तेव्हा मी सलग दोन किलोमीटरसुद्धा पळत नव्हते आणि रात्र-रात्र झोप येत नव्हती. पण लोकसभेची निवडणूक मध्ये आली आणि ग्राउंड जूनवर गेलं. ते दोन-तीन महिने इतरांना अंगावर आल्यासारखे झाले, माझ्या हाडांनी ते खाऊन टाकले. मेमध्ये आठवड्यातून चार दिवस पळणं, दोन दिवस सायकल, असं बसलं. टायमिंग लावलं तेव्हा ८०० मीटरला तीन मिनिटं पाच सेकंद. डिसेंबरात लंगडत पळाले होते त्यापेक्षा कितीतरी कमी. एकूण अंतर अकॅडमीच्या वेळापत्रकाच्या निम्मं होतं.

जूनमध्ये भरतीला सुरुवात झाली आणि जो पाऊस वर्षभर आला नव्हता तो ग्राउंडवर आला. राज्यात ठिकठिकाणी मैदानांत पाणी साचलं, तारखा पुढं गेल्या. माझीही पुढं गेली. ज्या दिवशी झालं त्या दिवशी ट्रॅक चिखलाचा होता, चेस्ट नंबर भिजून गेलेला, वेळ मोजायची चिप लावून आम्ही रांगेत थंडीनं कुडकुडत उभ्या. पहिल्या राउंडला मी मागं राहिले, दुसऱ्याला पुढच्या पोरी चिखलात ढांगा टाकताना घसरत होत्या आणि मी आखूड पावलांनी एकेकीला मागं टाकत गेले. दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद, वीसपैकी अठरा. आउट ऑफ नाही. गोळा बरा गेला, शंभर मीटर घसरगुंडीच झाली, पण लेखीच्या यादीत नाव आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं नडगीवर अंगठा फिरवला. मांड्या भयंकर दुखत होत्या, नडगी नाही.

लेखीत थोडक्यात गेलं. त्या अभ्यासात पळणं पूर्ण बंद होतं, आणि पुन्हा सुरू केलं तेव्हा दम बराच शिल्लक होता, पण मी पुन्हा एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं यापासूनच लागले. या वेळी ‘काकू’ म्हणणाऱ्यांतल्या दोघी बरोबर होत्या. अकॅडमीत यंदा दसऱ्याला नवी बॅच आली. सोमवारचा लाँग रन अजून दहा किलोमीटरचाच आहे. घाटाचा बुधवार मात्र आता सायकलचा झालाय. एकाच आठवड्यात तीन नवीन पोरी नडगी धरून बसल्या, त्यानंतर सरांनी तो बदल केला.